पुण्याच्या साहेबांचे नाक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कशावर लिहावे, याचे काही अलिखित संकेत आहेत. पहिला पाऊस, आजीची गोधडी, वसतिगृहातील शेवटची रात्र, फार तर वैनगंगेचा पूर. या मालिकेत ‘ऑक्सिजन सेन्सर’ बसत नाही, हे मला मान्य आहे. लेखाचा विषय ऐकताच संपादक मंडळातील माझ्या मैत्रिणीने विचारलेच, “हा विज्ञान विभागात टाकायचा का?” आमच्या महाविद्यालयाला विज्ञान विभाग नाही हे तिच्या नंतर लक्षात आले! असो. मी इतिहास घेऊन बी. ए. करते आहे, आणि गेल्या वर्षी इतिहासाच्या पेपराइतकाच अभ्यास मी या बोटभर लांबीच्या वस्तूचा केला, म्हणून हे धाडस.

माझे वडील मोटार मेस्त्री आहेत. लाखनी आणि साकोली यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या कडेला त्यांचे गॅरेज आहे. ‘गॅरेज’ हा शब्द जरा भारदस्त झाला. चार खांब, वर टिनाचे पत्रे, एक खड्डा आणि एक बाभूळ. बाबा सातवी शिकलेले. पण त्यांचे नाक मात्र पदवीधर आहे. गाडी सुरू करायची, सायलेन्सरच्या मागे उकिडवे बसायचे, धूर हुंगायचा आणि निकाल सांगायचा. पेट्रोल जास्त जात असेल तर धुराला एक कच्चा वास येतो आणि डोळे चुरचुरतात. कमी जात असेल तर वास कोरडा होतो, आणि इंजिन दम लागल्यासारखे धापा टाकते. कार्बोरेटरच्या काळात बाबा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवत, पुन्हा हुंगत, आणि गाडी गुणगुणू लागली की हात पुसत उठत. पंचक्रोशीतल्या किती गाड्या या नाकाने बऱ्या केल्या, याची मोजदाद नाही.

गेल्या पावसाळ्यात साकोलीकडच्या एका काकांची जिप्सी आमच्याकडे आली. ती ओढूनच आणली होती. नाल्याच्या पाण्यात उभी राहून तिचा ‘ईसीएम’ गेला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटर नसतो, कोणत्या क्षणी किती पेट्रोल सोडायचे हे एक विजेची पेटी ठरवते. ती पेटी म्हणजे ईसीएम. जिप्सीचे उत्पादन केव्हाच थांबलेले. जुनी पेटी कुठे मिळेना आणि जी एक मिळाली तिची किंमत ऐकून काका खाटेवर बसले. शेवटी असे ठरले की नवी, हवी तशी आकडेवारी भरता येणारी पेटी बसवायची. इंजिन तेच, नोंदणीपुस्तकातला कोणताही तपशील बदलायचा नाही, आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी पास झाली पाहिजे, ही काकांची अट.

पण अशी पेटी कोरी असते. नवीन मास्तरांच्या हजेरीपुस्तकासारखी. तिच्यात शेकडो चौकोन असतात. इंजिनचे इतके फेरे, इतका भार, तर इतके पेट्रोल, असा प्रत्येक चौकोन भरावा लागतो. हे काम करणारे एक गृहस्थ पुण्यात आहेत. ते इकडे येणार नव्हते आणि गाडी तिकडे जाणार नव्हती. मधले अंतर आठशे किलोमीटरच्या घरात. त्यांनी फोनवर पद्धत सांगितली. तुम्ही गाडी चालवा, संगणकावर तिची नोंद होऊ द्या, ती नोंद मला पाठवा. मी चौकोन दुरुस्त करून परत पाठवतो. पुन्हा चालवा, पुन्हा पाठवा. “फक्त त्याआधी एक चांगला वाइडबँड सेन्सर घ्या,” ते म्हणाले, “नाहीतर मी आंधळा.”

फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाकाले जे समजते, त्याच्यासाठी यंत्र कायले पायजे?” आणि स्वतःच थोड्या वेळाने, “पन त्या साह्येबाचं नाक येथपर्यंत कसं येईन!”

प्रश्न असा सुटला, आणि तिथेच माझ्या गळ्यात पडला. कारण सेन्सर कोणता घ्यावा याची सारी माहिती इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजीचा कागद आला की तो आपोआप माझ्यापुढे सरकतो, मग ती विजेची नोटीस असो की औषधाची पुडी. घरातून महाविद्यालयात गेलेली मी पहिली. बी. ए. होऊन पोरगी काय करणार, असे विचारणाऱ्यांना बाबांनी आजवर उत्तर दिलेले नाही. यावेळी त्यांनी मला एवढेच सांगितले, “तू वाच, अन् तू सांग. तू सांगशीन तो घेऊ.” मागे पत्रे बदलण्यासाठी साठवलेले पैसे होते, ते त्यासाठी काढायचे होते. सेन्सर आणि त्याची नियंत्रक पेटी मिळून पंधरा हजारांच्या वर जात होते. माझी तीन वर्षांची फी आणि पुस्तके धरूनही त्याच्या निम्मे होत नाहीत. काका गाडीच्या पेटीचे पैसे देणार होते, पण सेन्सर हे गॅरेजचे हत्यार. पान्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

मग मी शब्दकोश घेऊन बसले.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा आणि पेट्रोल यांचा नेमका हा मेळ जमला की त्याला ‘लॅम्डा एक’ म्हणतात. लॅम्डा हे ग्रीक अक्षर. पेट्रोल जास्त झाले की आकडा एकाच्या खाली उतरतो, हवा जास्त झाली की वर चढतो. जोरात गाडी चालवताना लॅम्डा एकाच्या खाली, म्हणजे साडेबारा-तेरा किलो हवेच्या आसपास ठेवतात. त्या वेळी पेट्रोल कमी पडले तर इंजिन ठोकू लागते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. उलट फार जास्त झाले तर सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते. म्हणजे दोन्हीकडे खड्डा, मधून वाट.

जिप्सीत एक ऑक्सिजन सेन्सर आधीपासून होताच. मग नवा कशाला? हीच शंका बाबांना होती, मलाही होती. तो जुना सेन्सर ‘नॅरोबँड’ जातीचा. बॉश कंपनीने १९७६ साली हा प्रकार आणला आणि तो पहिल्यांदा व्होल्वो गाडीत बसला. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाची चिनीमातीसारखी वस्तू असते. धुरात प्राणवायू उरला आहे की नाही, यावरून तो शून्य पॉइंट एक ते शून्य पॉइंट नऊ व्होल्टच्या दरम्यान वीज देतो. पण मधला आकडा त्याला जवळजवळ येतच नाही. तो फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणतो. आमच्या बाजारातल्या एका भाजीवालीसारखा. तिला वजन विचारले तर ‘भरपूर आहे जी’ म्हणेल, किंवा ‘थोडं कमीच हाय’. किती, ते नाही. कारखान्याने भरून दिलेल्या पेटीला एवढे पुरते. कोरे चौकोन भरणाऱ्याला पुरत नाही.

वाइडबँड मात्र किती ते सांगतो. तो कसे सांगतो हे समजायला मला चार रात्री लागल्या, आणि समजले ते शेवटी धानाच्या बांधीवरून. सेन्सरच्या टोकात एक इवलीशी पोकळी असते. तिच्यात धुराचा अंश झिरपतो. एक भाग त्या पोकळीवर पहारा करतो, तिथला मेळ लॅम्डा एकला असेल तर तो ४५० मिलिव्होल्ट दाखवतो. दुसरा भाग विजेच्या जोरावर पोकळीतला प्राणवायू बाहेर ओढतो किंवा आत ढकलतो, आणि मेळ कायम तिथेच धरून ठेवतो. ओढायला अथवा ढकलायला वीज किती लागली, यावरून धुराची स्थिती कळते. बांधीतले पाणी एका पातळीला ठेवायचे असेल तर शेतकरी धुरा फोडून पाणी सोडतो नाहीतर पाटातून घेतो. किती सोडले हे ध्यानात ठेवले तर पाऊस किती पडला हे पर्जन्यमापकाशिवाय सांगता येईल. हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. मला वाटते माझ्या शिक्षणाचे ते पहिले जाहीर कौतुक.

आता निवड. नागपूरच्या एका दुकानदाराकडे बॉशचा ‘एलएसयू ४.२’ या नमुन्याचा सेन्सर स्वस्तात मिळत होता. नवा ‘एलएसयू ४.९’ महाग. दोन्ही आकाराने सारखेच दिसतात. फरक आत आहे. धुराची तुलना कशाशी तरी करावी लागते. ४.२ त्यासाठी बाहेरची स्वच्छ हवा घेतो, ती वायरींच्या बाजूने आत जाते. इंजिनच्या आजूबाजूला तेलाची, पेट्रोलची वाफ असली की ती हवा बिघडते आणि कालांतराने सेन्सर हळूहळू वेगळेच सांगू लागतो. ४.९ तुलनेपुरता प्राणवायू स्वतःच विजेने तयार करून ठेवतो, बाहेरच्या हवेवर विसंबत नाही.

हे वाचताना मला आमच्या सरांचा साधनचिकित्सेवरचा तास आठवला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे धुंडाळत, १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली. त्यांचा सारा आग्रह अस्सल कागदाचा. पुढे पिढ्यांनी लिहिलेल्या बखरीत भोवतालची हवा शिरलेली असते. ती खोटे बोलण्यासाठीच लिहिली जाते असे नव्हे, पण हळूहळू वेगळे सांगते. सरांनी या तुलनेला किती गुण दिले असते कोण जाणे! पण पुण्यात बसलेला माणूस म्हणजे इतिहासकारच की. घटना त्याने पाहिलेली नाही, आवाज ऐकलेला नाही, वास घेतलेला नाही. त्याच्यापुढे फक्त कागद. साक्षीदार हळूहळू बदलत गेला तर त्याला ते कळणार कसे? बाबांसाठी यंत्र घेत असते तर स्वस्तातले चालले असते, कारण यंत्र चुकले की बाबांचे नाक त्याला रागावले असते. आम्ही घेत होतो ते दुसऱ्यासाठी.

याच हिशेबाने दुसरी गोष्टही ठरली. काही नियंत्रक पेट्या आपले माप शून्य ते पाच व्होल्टच्या वायरीने पाठवतात, काही ‘कॅन’ नावाच्या पद्धतीने आकडेच पाठवतात. पहिली पद्धत सोपी आणि स्वस्त. पण शून्य ते पाच व्होल्ट म्हणजे दहा ते वीस असे माप धरले, तर व्होल्टच्या एक-दशांश चुकीने हवेच्या आकड्यात दोन-दशांशांचा फरक पडतो. आणि एवढी चूक नुसत्या अर्थच्या वायरीमुळे होते. सेन्सरची अर्थ एका ठिकाणी, पेटीची दुसऱ्या गंजक्या बोल्टवर, की झाले. आकडे पाठवले तर वाटेत ते बदलत नाहीत. मी ४.९ आणि कॅन, दोन्ही महागच निवडले. बाबांनी पैसे मोजताना एकदाही विचारले नाही की हेच का. त्यामुळे मला रात्री झोप लागली नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

वस्तू आली. आता बाबांच्या जन्माच्या सवयी आडव्या आल्या. त्यांना कोणतीही जोडणी दिसली की ती कापून वायरी पिळून टेप मारावीशी वाटते. पण ४.९ च्या जोडणीतच एक रोधक असतो, तो कारखान्यात त्या एका सेन्सरपुरता मोजून बसवलेला. जोडणी कापली की सेन्सरची जन्मपत्रिका गेली. दुसरी सवय सिलिकॉनची. गास्केट कुठलेही असो, वर सिलिकॉन थापायचे. साध्या सिलिकॉनच्या वाफेने हा सेन्सर मरतो. शिसे असलेल्या पेट्रोलनेही मरतो, पण ते आपल्या देशात २००० सालीच बंद झाले. तिसरी गोष्ट म्हणजे सेन्सर नळीवर आडवा किंवा खाली तोंड करून बसवायचा नाही, निदान दहा अंश वर तिरपा हवा. धुरातल्या पाण्याचा थेंब तापलेल्या झिर्कोनियावर पडला तर ती तडकते. आत एक तापक असतो, तो तिला सुमारे ७८० अंशांपर्यंत तापवून ठेवतो. बाबा ऐकत होते, आणि दर वाक्याला “बरं बाई, बरं” म्हणत होते. ही त्यांची विद्यार्थिदशा मला फार आवडली. वेल्डिंग मात्र असे सुबक केले की पुण्याच्या साहेबांनी फोटो पाहून ‘वा’ लिहिले.

रात्री महामार्ग जरा मोकळा झाला की आम्ही निघायचो. बाबा गाडी चालवत, काका मागे, आणि मी पुढे मांडीवर संगणक घेऊन. आकडे पळत. नोंद पुण्याला जाई, दुसऱ्या दिवशी सुधारलेले चौकोन परत येत. तीन-चार फेऱ्यांत गाडी माणसाळली.

मग एक अडचण उभी राहिली. उड्डाणपुलाच्या चढावर, तीन हजार फेऱ्यांच्या पुढे, सेन्सरचा आकडा एकदम वर जाई. हवा जास्त. साहेबांनी तिथे पेट्रोल वाढवले. आकडा तरी वरच. आणखी वाढवले. पुढच्या फेरीत बाबांनी गाडी कडेला घेतली आणि मागे जाऊन उकिडवे बसले. डोळे पुसत उठले. “मिसिंग हाय हे,” ते म्हणाले. “पेट्रोल तं कच्चंच बाहेर येऊन राह्यलं. आनखी नोको वाढवू म्हन त्यांले.”

मला हे अजब वाटले. यंत्र म्हणते पेट्रोल कमी, नाक म्हणते जास्त. आणि दोघेही खरे बोलत होते! सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. तो प्राणवायू पाहतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर तिथले पेट्रोलही न जळता बाहेर येते आणि हवाही. सेन्सरला तो उरलेला प्राणवायू दिसतो, आणि तो प्रामाणिकपणे ‘हवा जास्त’ म्हणतो. सायलेन्सरच्या नळीला सेन्सरच्या आधी भोक असले तरी हेच होते. इतका महागडा, इतका अस्सल साक्षीदार, पण त्याला एकच प्रश्न विचारता येतो.

बाबांनी गाडीचे दिवे बंद केले, बॉनेट उघडले, इंजिन सुरूच ठेवून वायरींवर पाण्याचे थोडे शिंतोडे मारले. अंधारात एका प्लगच्या वायरीवरून निळी ठिणगी इंजिनच्या अंगावर उडताना आम्हा तिघांनाही दिसली. ती वायर बदलली. मी पुण्याला सविस्तर लिहिले. साहेबांनी वाढवलेले पेट्रोल त्याच रात्री काढून घेतले.

अजून एक गंमत सांगून टाकते. साहेबांनी सुरुवातीलाच बजावले होते की मला १४.७ वगैरे आकडे पाठवू नका, लॅम्डा पाठवा. कारण आपल्या पंपावरचे पेट्रोल आता निव्वळ पेट्रोल नाही. २०२५ साली त्यात वीस टक्के इथेनॉलचे प्रमाण गाठले गेले. इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला सुमारे नऊ किलो. त्यामुळे अशा मिश्रणाचा नेमका मेळ १४.७ वर नाही, साडेतेराच्या आसपास पडतो. सेन्सरला लॅम्डाच कळतो, पडद्यावरचा १४.७ हा नुसता गुणाकार. इथेनॉल उसाचे होते, मक्याचे होते, तांदळाचेही होते. आमच्या भंडाऱ्याचा तांदूळ कुणाच्या गाडीत जळत असेल, असे मी म्हटल्यावर आई म्हणाली, “मंग त्या धुराले भाताचा वास येते का?” बाबांनी या प्रश्नाचा गांभीर्याने विचार केला.

जिप्सी पीयूसीत पास झाली. कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत असावा लागतो, तो बराच आत होता. काका पेढे घेऊन आले. पत्रे अजून बदललेले नाहीत, निळी ताडपत्री टाकली आहे. दिवाळीनंतर आणखी दोन गाड्या याच कामासाठी आल्या, एक गोंदियाची, एक पवनीची. सेन्सर एका गाडीतून काढून दुसरीत बसवतो. वापरात नसताना तो गाडीत ठेवायचा नाही, तापक बंद असताना धुरात राहिला की काजळी धरून खराब होतो. म्हणून त्याला आमच्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, सुती कापडात गुंडाळून जागा मिळाली आहे.

पुण्याच्या साहेबांनी मात्र आता एक नवीनच मागणी केली आहे. दर नोंदीबरोबर ‘वडिलांना काय वाटते’ असा एक रकाना लिहून पाठवायचा. बाबा फेरी झाली की मागे जातात, हुंगतात आणि सांगतात, मी लिहून घेते. सोपे नाही ते. ‘कच्चा’ वास मी लिहू शकते. ‘जरकट’ म्हणजे जळकट, तेही लिहिते. परवा पवनीच्या गाडीला ते म्हणाले, “आज उग्गर हाय.” मी विचारले, उग्गर म्हणजे उग्र का? म्हणाले, नाही. म्हणजे आंबूस? नाही. कोरडा? तसंही नाही. पंधरा मिनिटे आम्ही बाभळीखाली बसून त्या एका शब्दाचा अर्थ शोधत होतो. शब्दकोशात तो नाही, मराठीच्या मॅडमना विचारायचे आहे. तूर्त मी रकान्यात ‘उग्गर’ असेच लिहून पाठवले आहे. पुण्याहून अजून उत्तर नाही.